तिसरी पुडी

आईच्या आणि माझ्या मध्ये सव्वा वर्ष एक रेघ होती. ती रांगोळीची होती आणि आईच ती रोज सकाळी काढत असे. मागच्या अंगणात, तिच्या खोलीच्या दारापासून चार हातांवर, न्हाणीच्या भिंतीपासून पेरूच्या झाडापर्यंत. रांगोळीसाठी तिला लग्नघरांतून बोलावणी येत. त्या सव्वा वर्षात तिनं एकही ठिपका मांडला नाही. फक्त ही रेघ काढली. सरळ, एका जाडीची, कुठंही न तुटलेली.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुडा दिसेल अशा अंतरावर. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बाजारात किलो आणि ग्रॅम आले होते; लोक माल नव्या मापानं घेत आणि मनात तो शेर-तोळ्यांत समजून घेत. वडील शाळेत शिक्षक होते. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होते. आईला क्षय झाला होता. घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. शेजारणींना 'खोकला' असं सांगायचं ठरलं होतं. त्याही 'खोकलाच असन' म्हणत आणि पाण्याची कळशी आमच्या ओट्यापासून जरा लांबून नेत.

रेघ डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती. त्यांनी भांडी वेगळी ठेवा, कागद आणि फडकी जाळा, मुलीला फार जवळ येऊ देऊ नका, एवढंच म्हटलं होतं. 'फार जवळ' म्हणजे किती, ते आईनं स्वतः ठरवलं. थुंकीची तपासणी लागोपाठ तीनदा निर्मळ आली की मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते. हे वाक्य मी पाठ केलं. त्या वर्षी मी जे पाठ केलं त्यात परीक्षेला न येणारं एवढं एकच होतं.

माझे केस कमरेपर्यंत होते. आधी दर रविवारी आई तेल लावून वेणी घालत असे. आता मी रेघेच्या अलीकडे पाट मांडून, तिच्याकडे पाठ करून बसत असे आणि ती पलीकडून सांगत असे.

"भांग डाव्या अंगाले गेला व."

"इतका?"

"अजून. हां. आता पेड सारखे घे. मधला लठ्ठ झाला. बैलाची वेसण वळून राह्यली का वेणी?"

मी सोडून पुन्हा घालत असे. चुका काही मुद्दाम होत, काही खऱ्या.

औषधं दोन होती. एक रोजची लहान पांढरी गोळी. दुसरं म्हणजे पांढरी भुकटी, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार ग्रॅम, पाण्यात कालवून. भुकटी कडवट आणि आंबूस असे. ती घेतली की आई भिंतीला टेकून बराच वेळ डोळे मिटून बसे. डॉक्टर सांगत, गोळी जंतू मारते आणि भुकटी गोळीची राखण करते. भुकटी कमी पडली तर जंतू गोळीला सरावतात आणि मग गोळीचाही उपयोग राहत नाही.

दवाखान्यात भुकटी डब्यातून येई आणि कंपाउंडर तिच्या पुड्या बांधत. ते पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे गृहस्थ होते. त्यांच्याजवळ वजनांच्या दोन पेट्या होत्या, जुन्या ग्रेनची आणि नव्या ग्रॅमची. तराजू काचेच्या कपाटात असे. माशी बसली तरी काटा हलतो, असं ते म्हणत आणि पंखा बंद करूनच तोलत. पुड्यांचे कागद आमच्या घरून जात, वडिलांकडचे तपासून झालेले पेपर आणि माझ्या जुन्या वह्या. दर सोमवारी मी कागद घेऊन जायची आणि एकवीस पुड्या घेऊन यायची. रिकामे कागद आई एका डालडाच्या डब्यात टाकून काठीनं रेघेपर्यंत सरकवी. रविवारी मी ते जाळत असे. जळताना कधी कधी माझीच गणितं दिसत.

डब्याचं एकदा असं झालं की तो आला नाही. ज्येष्ठात दोन खेपा चुकल्या आणि बारा दिवस आई नुसत्या गोळीवर होती. कंपाउंडर रोज मोटारस्टँडवर जाऊन जळगाव जामोदच्या मोटारीतून पार्सल उतरतं का ते पाहून येत. डबा आल्यावर वडील बरं झालं म्हणाले. आईनं पुड्या मोजून आत ठेवल्या.

दिवाळीनंतर पहिली तपासणी झाली. जंतू होते. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, एव्हाना कमी व्हायला हवे होते.

शाळेत त्याच सुमारास रेणुभार चालू होता. अणूंचे भार मिळवायचे की रेणूचा भार मिळतो. तेवढे ग्रॅम घेतले की तो एक ग्रॅम-रेणू, आणि कोणत्याही पदार्थाच्या एका ग्रॅम-रेणूत रेणू सारख्याच संख्येनं असतात. आता याला मोल म्हणतात. मी अभ्यास रेघेजवळ करत असे, मोठ्यानं. आई चौथी शिकलेली होती आणि मध्येच थांबवी.

"थांब. तोलाचा हिशोब चालला होता, अन् हे नग कुठून आले?"

"वजन करून नग मोजायचे, आई. रेणू दिसत नाहीत. म्हणून तोलायचे आणि किती असतील ते काढायचे."

"पंगतीसारखं. पीठ तोलून आणा लागते, पण पंगतीले पोळ्याच लागतात. जेवणाऱ्याले पिठाशी काय करा लागते?"

शाळेत सरांना एक तास लागला होता हे समजावायला. मी तिला तसं सांगितलं. "मंग तुह्या सरले म्हणा, सैपाक शिक," ती म्हणाली आणि हसता हसता खोकली. मग तिनं तोंड फिरवलं आणि हातानं मला मागं सरक अशी खूण केली.

पुढच्या सोमवारी दवाखान्यात गेले तेव्हा काउंटरवर डबा उघडा होता. आधीचा डबा निळा होता. हा पांढरा होता.

"काका, डबा बदलला."

"दसऱ्यापासून बदलला. औषध तेच हाये."

"नाव थोडं वेगळं आहे."

"काऊन व बाई, दवाखान्याची तपासणी कराले आली? बस त्या बाकावर."

मी बाकावर बसून डब्यावरचं सूत्र पुडीच्या कागदावर उतरवून घेतलं. कार्बन सात, हायड्रोजन सहा, नायट्रोजन एक, ऑक्सिजन तीन, सोडियम एक, आणि पुढं स्वल्पविराम देऊन दोन पाणी. निळा डबा त्यांनी कापूस ठेवायला घेतला होता. त्याच्यावर सोडियम नव्हतं आणि पाणीही नव्हतं. हायड्रोजन सात होते.

हिशोब तिथंच केला. जुन्याचा रेणुभार एकशे त्रेपन्न. नव्याचा, सोडियम आणि पाणी धरून, दोनशे अकरा. बारा ग्रॅमला एकशे त्रेपन्नानं भागलं तर दिवसाला शून्य पूर्णांक शून्य सात आठ चार ग्रॅम-रेणू. दोनशे अकरानं भागलं तर शून्य पूर्णांक शून्य पाच सात. तराजू अचूक होता, कंपाउंडरचा हात अचूक होता, आणि दसऱ्यापासून आईला चौथ्या हिश्शाहून जास्त औषध कमी मिळत होतं.

कंपाउंडरनी कागद चष्म्याजवळ धरला. "मी बारा ग्रॅमचे बारा ग्रॅम देतो. एक रती कमी निघाली तं नोकरी सोडतो."

"वजन कमी नाही काका. बारा किलो कापूस आणि बारा किलो रुई सारखी असते का?"

"कशी राहीन? कापसात सरकी असते."

"निळ्या डब्यात रुई होती. या डब्यात सरकीसकट कापूस आहे."

त्यांनी पंखा चालू केला. बंद केला. मग डबा, कागद आणि मला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "साहेब, ही मास्तरची पोरगी काय म्हणून राह्यली ते पाहा. मले बराबर वाटते." डॉक्टरांनी कपाटातलं जाड पुस्तक काढलं, बोटानं ओळ शोधली. या प्रकारचा डोस जास्त द्यावा असं तिथं छापलेलं होतं. "हे मी पाहायला हवं होतं," एवढंच ते बोलले. पुडी साडेपाच ग्रॅमची झाली.

मी घरी धावत आले. रेघेपाशी थांबले. आईला सगळं सांगितलं, कापूस आणि सरकीसह. तिनं मन लावून ऐकलं. "म्हणजे माह्यी पोरगी शिकली," ती म्हणाली. तिचा हात थोडा उचलला गेला होता. तो तिनं पदराला पुसला.

विज्ञानाच्या सरांना मी तो कागद दाखवला. त्यांनी औषधाच्या सूत्राकडे पाहून मला आणखी एक उदाहरण घातलं. कंपाउंडर म्हणत की ही भुकटी गरमीत किंवा दमट जागी राहिली तर तांबूस होते आणि तांबूस झालेलं औषध मेलं असं समजायचं. सर म्हणाले, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. जुन्या डब्यातल्या औषधाचं काय उरतं ते काढ. एकशे त्रेपन्नातून चव्वेचाळीस वजा. एकशे नऊ. मी हे उदाहरणही रेघेजवळ मोठ्यानं सोडवलं. आई त्या दिवशी तांदूळ निवडत होती.

संक्रांतीनंतरची तपासणी आली. जंतू तेवढेच होते.

डॉक्टरांनी वडिलांना विचारलं, पुड्या सगळ्या घेतात ना? वडील म्हणाले, घेते. मी त्या रविवारी कागद जाळण्याआधी मोजले. चौदा होते. पुन्हा मोजले. मी कित्येक रविवार कागद जाळत होते, आणि ते किती आहेत हे मला कधी दिसलं नव्हतं. डब्यावरचं सूत्र दिसलं होतं.

"आई, एकवीस पुड्या दिल्या होत्या. कागद चौदा आहेत."

"आता कागदं मोजाले लागली का तू?"

"तिसरी पुडी कुठं जाते?"

तिनं पेरूच्या झाडाकडे पाहिलं. "टाकून देतो."

"कुठं?"

"राखीत, कागदासकट. मळमळते मले. दोन कशाबशा राह्यतात पोटात."

मी रेघेपाशी उभी राहून हिशोब सांगितला. दसरा ते दुरुस्ती या काळात दोन पुड्या म्हणजे आठ ग्रॅम, दोनशे अकरानं भागून, ठरलेल्या औषधाच्या निम्म्याहूनही कमी. मी चढ्या आवाजात बोलत होते. तिच्याशी तशी मी आधी कधी बोलले नव्हते. "तुला बरं व्हायचं नाही का? मला किती दिवस इथं उभी ठेवणार आहेस?" असंही मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून आई तिन्ही पुड्या माझ्यासमोर घेऊ लागली. पाण्यात कालवायची, प्यायची, रिकामी वाटी रेघेच्या पलीकडून मला तिरपी करून दाखवायची. डॉक्टरांनी दोन महिने सुयाही दिल्या. त्या दिवसांत तिला एकदाही ओकारी झाली नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

होळीनंतरची तपासणी निर्मळ आली. दुसरीही आली. मॅट्रिकचा निकाल लागला. मला अमरावतीला कॉलेजात घालायचं ठरलं. तिसऱ्या तपासणीचा कागद माझी ट्रंक भरत असताना आला. तोही निर्मळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात रेघ नव्हती. मी फणी आणि तेलाची बाटली घेऊन गेले. जिथं रेघ असायची तिथं पाट मांडला आणि पाठ करून बसले. बराच वेळ मागं काही हालचाल झाली नाही.

"डॉक्टर हो म्हणाले आहेत, आई."

"म्हणाले असन. कागदाले काय होते? अजून एक वर्ष जाऊ दे. घाल तू. मी सांगतो."

तिनं सांगितलं आणि मी घातली. दुपारच्या मोटारीनं निघाले. ती दारात आली होती, पण खांबाच्या मागं उभी होती.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मोटारीतच हुडहुडी भरली होती. थंडीताप म्हणजे हिवताप होता, वसतिगृहात अर्ध्या मुलींना तो येऊन गेला होता. वडील डॉक्टरांना आणायला गेले. मी पुढच्या खोलीत गोधडी घेऊन पडले होते आणि मला खोकला येत होता. तो मोटारीतल्या धुळीचा असावा.

आई मागच्या दारातून आत आली. सव्वा वर्षानंतर ती घरात वावरू लागली होती, पण मी असेन त्या खोलीत ती येत नसे. त्या दिवशी ती सरळ खाटेपर्यंत आली. तिच्या एका हातात वाटी होती आणि काखेत चिनी मातीची बरणी होती, लोणच्याची, तोंडाला दोन पदरी फडकं बांधलेली. ती तिनं जमिनीवर ठेवली. बरणी माझ्या अक्षरातल्या कागदांच्या पुड्यांनी भरलेली होती.

"घे," ती म्हणाली. "उठून घे. आतापासून सुरू केलं तं वाढत नाही ते."

"हे काय आहे?"

"तुह्या वाट्याचं. रोजची एक ठेवली. माह्या मायले झालं तवा माह्या माहेरी, सुलतानपूरले, हे औषध नव्हतं. मले झालं तवा होतं, पण डबा बारा दिवस आला नाही. तुले याद असन. तुह्या वक्ताले नसलं तं मी कोणाले मागू?"

"तू म्हणालीस राखीत टाकते."

"मंग काय सांगू? तू ठेवू देली असती का?"

मी वाटीत पाहिलं. धान्य वापरायचं तर जुनं आधी, हा तिच्या घरचा नियम होता. तिनं बरणीच्या तळातली, निळ्या डब्यातली पुडी काढली होती. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. मी दुसरी पुडी उघडली. तांबूस. तिसरीही.

"आई, मला तो आजार नाही. हा थंडीताप आहे."

"तो खोकला?"

"धूळ आहे. आणि हे आता औषध राहिलं नाही."

"काऊन? घट्ट बांधून ठेवलं होतं मी."

"रंग बघ. एकशे त्रेपन्नाचं एकशे नऊ झालं."

ती खाटेच्या कडेवर बसली. ओठ हलवत तिनं वजाबाकी केली. "चव्वेचाळीस," ती म्हणाली. "तू म्हणत होती त्या दिवशी. ते हवेत जातात." मग म्हणाली, "मी ऐकलं होतं. पण मले वाटलं, डब्यातल्याचं होत असन. आपल्या बरणीत काय होते?"

पुढं मी त्या पुड्या मोजल्या. दोनशे अठरा होत्या. निळ्या डब्यातल्या एकशे दहा, पांढऱ्यातल्या चार ग्रॅमच्या पन्नास, साडेपाचच्या अठ्ठावन्न. सगळ्यांचे मिळून पाच ग्रॅम-रेणूंहून थोडे जास्त होतात. पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीपर्यंत आईला जे औषध कमी पडलं, त्यातलं बरंचसं त्या बरणीत होतं.

पण तो हिशोब नंतरचा. त्या वेळी तिनं माझ्या हातातून वाटी काढून घेतली, खाली ठेवली आणि तळहात माझ्या कपाळावर ठेवला. तो खरखरीत होता आणि गार होता. तिनं तो उलटा करून पाहिला, मग गालाला लावला, मग मानेला. "लय चढला व," ती म्हणाली. केस घामानं चिकटले होते. ते तिनं बोटांनी मागं सारले आणि भांग कुठं आहे ते चाचपून पाहिलं.

"अजून डाव्या अंगालेच काढते का?"

मी हो म्हटलं. तिनं उशाशी सरकून तो मोडला आणि नीट करायला घेतला. डॉक्टर येईपर्यंत ती उठली नाही, आणि त्या दिवशी ती आणखी चारदा ताप पाहायला आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. तिनं हात लावून खात्री केली आणि मागच्या खोलीत गेली. ताप आणखी एक दिवस राहिला असता तर बरं झालं असतं.